कोरडा पाषाण?

प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार (वर्ष अ)
वाचने : निर्गम १७:३-७, रोम ५:१-२, ५-८, योहान ४:५-४२



आजच्या तिन्ही वाचनांतून पाणी वाहते आहे. पहिल्या वाचनात रानात तहानेने व्याकूळ झालेले इस्राएल लोक मोशेशी भांडतात आणि होरेबच्या खडकातून पाणी निघते. दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की, देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. शुभवर्तमानात प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसून एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो.

आपल्या मराठीत एक बोलण्याची रीत आहे. एखाद्या निर्दय माणसाविषयी आपण म्हणतो, ‘दगडाला पाझर फुटेल, पण याला फुटणार नाही.’ असे म्हणताना दगड कोरडाच असतो हे आपण गृहीत धरलेले असते. आज आम्ही तुम्हांला अशाच एका दगडाची हकिगत सांगणार आहोत. हा दगड होरेबच्या डोंगरावरचा नाही. तो आकाशात आहे, आणि आपल्या डोळ्यांना कधीही न दिसणारा आहे. त्याची हकिगत सांगून झाल्यावर आम्हांला स्वतःची एक चूकही तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये लहानमोठ्या दगडांचा एक विस्तीर्ण पट्टा सूर्याभोवती फिरतो आहे. या दगडांना आपण लघुग्रह म्हणतो. दहा लाखांहून अधिक लघुग्रहांची आजवर नोंद झाली आहे. या पट्ट्याच्या बाहेरच्या भागात, म्हणजे गुरूच्या बाजूला, ‘थेमिस’ नावाचा एक लघुग्रह आहे. त्याचा क्रमांक २४. रुंदी सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपासून नाशिकच्याही थोडे पुढे जावे एवढी. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे, त्याच्या तिपटीहून थोडा अधिक दूर तो फिरतो. सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे साडेपाच वर्षे लागतात.

५ एप्रिल १८५३ रोजी इटलीतील नेपल्स शहरात अनिबाले दे गास्पारिस या खगोलशास्त्रज्ञाने तो शोधून काढला. परंतु त्याचे नाव ठेवले ते रोममधल्या एका धर्मगुरूने. त्यांचे नाव फादर आंजेलो सेक्की. ते येशूसंघीय होते आणि रोममधील येशूसंघीयांच्या महाविद्यालयातील वेधशाळेचे प्रमुख होते. त्या काळच्या प्रथेप्रमाणे लघुग्रहांना ग्रीक व रोमन पुराणकथांतील नावे दिली जात. फादर सेक्की यांनी निवडलेले थेमिस हे नाव ग्रीक कथांतल्या न्यायाच्या आणि सुव्यवस्थेच्या देवतेचे. हे न्यायाचे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

फादर सेक्की यांची वेधशाळा कुठे होती, हेही ऐकण्यासारखे आहे. रोममध्ये संत इग्नेशियसच्या नावाचे एक भव्य चर्च आहे. त्या चर्चवर मोठा घुमट बांधायचा होता, पण तो कधीच बांधला गेला नाही. तेव्हा आंद्रेआ पोत्सो नावाच्या येशूसंघीय ब्रदरने घुमटाचे हुबेहूब चित्र रंगवले. आजही खाली उभे राहून वर पाहणाऱ्याला तिथे उंच घुमट आहे असेच वाटते. प्रत्यक्षात ते सपाट चित्र आहे. ज्या भक्कम खांबांवर तो घुमट उभा राहायचा होता, त्यांच्याच आधाराने १८५० च्या दशकात फादर सेक्की यांनी चर्चच्या माथ्यावर आपली नवी वेधशाळा उभारली आणि तिथून ते तारे न्याहाळू लागले. खाली भाविकांना नसलेला घुमट दिसत होता, आणि वर एक धर्मगुरू डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचा शोध घेत होता.

तो शोध घ्यायची त्यांची पद्धत होती प्रकाशाची फोड करण्याची. पाऊस पडून ऊन आले की इंद्रधनुष्य दिसते, म्हणजे सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे होऊन दिसतात. दुर्बिणीतून येणारा ताऱ्याचा प्रकाशही असाच पसरवला तर त्या पट्ट्यात मध्येमध्ये काळ्या रेघा दिसतात. कोणती रेघ कुठे पडली आहे यावरून त्या ताऱ्यात कोणती द्रव्ये आहेत ते कळते. या पद्धतीने फादर सेक्की यांनी सुमारे ४,००० ताऱ्यांची पाहणी केली आणि ताऱ्यांचे प्रकार ठरवले. १८७८ साली ते देवाघरी गेले. ज्या दगडाचे नाव त्यांनी ठेवले होते, त्याच्या पोटात काय दडले आहे हे त्यांना कळले नाही. पण ज्या वाटेने ते पुढे कळायचे होते, ती वाट मळून ठेवणाऱ्यांत ते पहिल्या फळीत होते.

थेमिस रंगाने अतिशय काळा आहे. त्याच्यावर पडलेल्या उन्हाचा दहावा हिस्साही तो परत पाठवत नाही. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांची ढोबळ वाटणी अशी होती : धूमकेतू ओले आणि लघुग्रह कोरडे. धूमकेतू दूरच्या थंडीतून येतो, त्यात बर्फ असते, सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि त्याला शेपटी फुटते. लघुग्रह मात्र नुसता दगड, त्याला शेपटी फुटायची नाही. सूर्यापासून इतक्या अंतरावर उघड्या दगडावर बर्फ असले तरी ते फार काळ टिकणार नाही, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या न वितळताच उडून जातात, तसे हवा नसलेल्या त्या पोकळीत बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते.

परंतु १९९६ साली या वाटणीला तडा गेला. थेमिसच्याच कक्षेच्या आसपास, त्याच्याच कुटुंबातला एक छोटा दगड सापडला, ज्याला धूमकेतूसारखी शेपटी होती. हो, लघुग्रहांचीही कुटुंबे असतात! १९१८ साली कियोत्सुगु हिरायामा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काही लघुग्रहांचे मार्ग एकमेकांशी इतके जुळतात की ते एकाच मोठ्या दगडाचे तुकडे असले पाहिजेत. केव्हातरी प्राचीन काळी मोठी टक्कर झाली, मूळ दगड फुटला आणि थेमिसचे कुटुंब तयार झाले. आता त्या कुटुंबातल्या एका धाकट्याला शेपटी फुटली होती. पुढे ती दिसेनाशी झाली. २००२ साली पुन्हा दिसली, नाहीशी झाली आणि २००७ साली परत दिसली. केव्हा? तो दगड आपल्या फेरीत सूर्याच्या जवळ आला होता त्या सुमारास! तो दूर असताना पाहणारा म्हणाला असता की हा कोरडा आहे. सूर्याजवळ आल्यावर त्याच्यातली वाफ बाहेर पडली. २००६ साली हवाई विद्यापीठातील हेन्री शे आणि डेव्हिड ज्युइट यांनी अशा दगडांचा एक वेगळा वर्गच मांडला. त्यांचा तर्क असा की, बर्फ धुळीच्या थराखाली गाडलेले असते. केव्हातरी एखादा लहान दगड येऊन आदळतो, वरचा थर थोडा उघडा पडतो, आणि मग सूर्याची ऊब आत पोहोचते.

मग दोन वेगवेगळ्या गटांनी खुद्द थेमिसकडे दुर्बिणी वळवल्या. हवाई बेटांवरील मौना केया या उंच पर्वतावर अवरक्त किरण टिपणारी दुर्बीण आहे. अँड्र्यू रिवकिन आणि जोशुआ एमरी यांनी २००२ ते २००८ या काळात सात वेळा थेमिसच्या प्रकाशाची फोड करून पाहिली. उंबेर्तो काम्पिन्स यांच्या गटाने तो स्वतःभोवती फिरत असताना त्याच्या बहुतेक सर्व बाजू न्याहाळल्या. दोघांनाही त्या प्रकाशात एकच ठसा आढळला. तो पाण्याच्या बर्फाचा होता, आणि सोबत कार्बनी संयुगांचाही. एप्रिल २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे दोन्ही लेख एकत्र प्रसिद्ध झाले. बर्फाचा तो पातळ थर एका बाजूला नसून जवळजवळ सर्वत्र पसरलेला दिसत होता. जे बर्फ उडून जायला हवे ते अजून आहे, म्हणजे आतून कुठूनतरी त्याचा पुरवठा होत असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तसा ठसा काही खनिजांमुळेही उमटू शकतो, असे पुढे काही शास्त्रज्ञांनी मांडले. शास्त्राची रीतच अशी आहे, आणि ती चांगली आहे. पण पट्ट्याच्या त्याच बाहेरच्या भागात फिरणाऱ्या ‘रीड’ नावाच्या धूमकेतूभोवती जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला पाण्याची वाफ स्पष्टपणे आढळली, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या कोरड्या समजल्या गेलेल्या प्रदेशात पाणी आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही.

बंधु-भगिनींनो, प्रवचनात एवढे विज्ञान कशाला, असे कुणाला वाटले असेल. आता त्याचे कारण सांगतो.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना भारतीय दर्शनांचाही अभ्यास करावा लागे. आपल्याला ज्ञान कोणकोणत्या मार्गांनी मिळते, याची चर्चा करताना मीमांसक ‘अनुपलब्धी’ नावाचा एक मार्ग सांगतात. अनुपलब्धी म्हणजे न दिसणे. खोलीत दिवा लागला आहे, जमीन लख्ख दिसते आहे आणि तिथे घागर दिसत नाही, तर ‘घागर नाही’ हे मला खात्रीने कळते. पण त्यांनी त्याला एक अट घातली आहे. वस्तू असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. खोलीत अंधार असेल तर घागर दिसली नाही म्हणून ती नाही, असे म्हणता येणार नाही. परीक्षेत आम्ही हे उत्तर अगदी नीट लिहिले होते. आयुष्यात मात्र नीट लिहिले नाही.

इस्राएल लोकांचे काय झाले ते पाहा. त्यांना तहान लागली, पाणी दिसेना, तेव्हा त्यांनी लगेच निवाडा केला. परमेश्वर आपल्यामध्ये आहे की नाही, असा प्रश्न विचारून त्यांनी त्याची परीक्षा पाहिली. त्यावरून त्या जागेला मस्सा आणि मरीबा ही नावे पडली. पाणी दिसत नाही, म्हणून पाणी नाही. पाणी नाही, म्हणून देव नाही. अंधाऱ्या खोलीत उभे राहून त्यांनी ठरवले की घागर नाही. आणि पाणी तर ज्या खडकासमोर ते भांडत होते त्याच खडकात होते!

आता आमच्या चुकीकडे वळतो. ही गोष्ट आपल्या धर्मग्रामातली नाही, पूर्वी आम्ही जिथे सेवेला होतो तिथली आहे. त्या माणसाची ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

त्या धर्मग्रामात कुटुंबांची एक नोंदवही होती. कुटुंबभेटी करताना प्रत्येक नावापुढे आम्ही खुणा करीत असू. एका गृहस्थाच्या नावापुढे लाल फुली होती. पंधरा वर्षे त्याने मिस्साला पाऊल टाकले नव्हते. ना पापनिवेदन, ना सणासुदीला हजेरी. भावाशी बांधावरून वाद झालेला, शेजाऱ्यांशी बोलणे नाही. आम्ही एकदा घरी जाऊन आलो, त्याने पाणी दिले आणि गप्प बसून राहिला. परतल्यावर आम्ही ती लाल फुली पुन्हा एकदा गिरवली.

पुढे त्याच्या पुतणीचे लग्न होते. लग्नाच्या मिस्साला तो आला. चर्चच्या दारात आम्ही वधूवरांच्या स्वागताला उभे होतो, आजूबाजूला माणसे होती. त्याला पाहताच आम्ही मोठ्याने म्हणालो, “काय हो, आज चर्चचा रस्ता बरा सापडला!” सगळे हसले. तोही हसला. मिस्सा सुरू झाली तेव्हा मात्र तो आत नव्हता, आणि जेवणालाही तो थांबला नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही सकाळी सहाच्या सुमारास निघत असू. त्या पाड्यावर एकटीच राहणारी एक म्हातारी होती, पायांनी अधू. त्या भागात नळाला पाणी येई ते पहाटे, आणि तेही एक दिवस आड. आम्ही पोहोचलो तेव्हा कुणीतरी तिच्या मागच्या दारी पिंपात हंडे रिकामे करीत होते. पाहतो तर तोच! आम्हांला पाहून त्याने हात पुसले आणि तो बाहेर पडवीत जाऊन उभा राहिला. आम्ही आत प्रार्थना सुरू केली. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणताना म्हातारीच्या थरथरत्या आवाजामागे आणखी एक हलका आवाज पडवीतून येत होता.

तो गेल्यावर म्हातारी म्हणाली, “फादर, सहा वर्षे झाली, हा पोरगा माझे पाणी भरतो. हा नसता तर मी कोरडीच मेले असते.” ती त्याच्या नात्यातली नव्हती. तिच्या धन्याने तर बांधाच्या वादात त्याच्या भावाची बाजू घेतली होती.

लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणाची म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या सकाळी घरी परतताना आम्हांला कळले की, कोरडा पाषाण कोण होते.

तरीही माफी मागायला आम्हांला तीन महिने लागले. मान मोठी असते, ती लवकर वाकत नाही. अखेर एका संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि लग्नाच्या दिवशीच्या त्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, त्या दिवशी बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. म्हटले होते, आजपासून सुरुवात करू.”

आमच्याकडे उत्तर नव्हते.

तुम्ही विचाराल, पुढे तो चर्चला येऊ लागला का? आमची बदली होईपर्यंत तरी नाही. एकदा शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या वेळी मागच्या खांबाआड तो उभा असल्यासारखे वाटले. खात्री नाही. नोंदवहीतली फुली मात्र आम्ही खोडली. तिथे काय लिहावे हे कळेना, म्हणून जागा कोरीच ठेवली. आता वाटते, ती पहिल्यापासून कोरीच ठेवायला हवी होती.

बायबलमध्ये खडकातून पाणी काढल्याची गोष्ट दोनदा येते, हे आपल्या सहसा लक्षात राहत नाही. आजच्या वाचनात परमेश्वर मोशेला खडकावर काठी मारायला सांगतो. गणनेच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मात्र तो त्याला खडकाशी बोलायला सांगतो. मोशे रागावलेला असतो. तो लोकांना टाकून बोलतो आणि खडकावर दोनदा काठी मारतो. पाणी निघते, लोकांची तहान भागते, पण मोशेला वचनदत्त देशात पाऊल ठेवता येत नाही. ज्या खडकाशी बोलायचे होते त्यावर त्याने घाव घातला. आम्ही हा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता. तो आमच्यासाठी आहे, हे त्या पडवीत समजले.

आणि आता याकोबाच्या विहिरीकडे या. सुखार गावची ती स्त्री भर दुपारी पाण्याला येते. तिचे पाच संसार झाले आहेत आणि सध्या ज्याच्याबरोबर आहे तो तिचा नवरा नाही. गावाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे केव्हाच फुली पडली असणार. ती स्त्री, त्यात शोमरोनी. शिष्यांनाही येशू तिच्याशी बोलतो याचे नवल वाटते. आणि प्रभू काय करतो? तो तिला आधी काही देत नाही. तिच्याकडे मागतो! जगाला जिवंत पाणी देणारा, थकून विहिरीच्या काठावर बसलेला, तिच्याकडे घोटभर पाणी मागतो. जिच्याकडे देण्यासारखे काही उरलेले नाही असे सर्वांनी ठरवले होते, तिला तो सांगतो की तुझ्याकडे मला देण्यासारखे काही आहे.

येशू तिचे पाप झाकतो का? नाही. तो तिच्या आयुष्याविषयी स्पष्ट बोलतो. कोरड्याला ओले म्हणा, असे शुभवर्तमान शिकवत नाही. पण तो ते दहा जणांत बोलत नाही, हसत बोलत नाही, आणि आधी तिच्याजवळ बसल्यावर बोलतो. मग ती घागर तिथेच टाकून गावात धावते. ज्या गावाने तिला टाकले होते ते गाव तिच्या शब्दावरून प्रभूकडे येते. दगडाला पाझर फुटला, आणि त्याचे पाणी अख्ख्या गावाला पुरले.

फादर सेक्की यांनी त्या काळ्या दगडाला न्यायाच्या देवतेचे नाव दिले होते. त्या दगडाने आपल्या न्यायाची चांगलीच परीक्षा घेतली आहे. त्याचा निवाडा करायला किती काळ लागला पाहा! १८५३ साली तो सापडला, २०१० साली त्याच्यावरच्या बर्फाची बातमी आली, आणि तीही सात-सात वेळा पाहून, दोन-दोन गटांनी पडताळून. एका निर्जीव दगडाविषयी बोलताना शास्त्रज्ञ इतकी सावधगिरी बाळगतात. आपण मात्र रविवारी कोण आले नाही, यावरून जिवंत माणसाचा निवाडा मिस्सा सुटून चर्चच्या आवारातून बाहेर पडायच्या आत करून टाकतो.

आणि इथे बसलेल्यांपैकी काही जणांचे दुखणे वेगळे आहे, हेही आम्ही जाणतो. त्यांनी दुसऱ्या कुणावर फुली मारलेली नाही, स्वतःवर मारली आहे. ‘फादर, प्रार्थनेत मन लागत नाही, आत सगळे सुकून गेले आहे,’ असे पापनिवेदनात आम्ही अनेकदा ऐकतो. आम्ही स्वतःही ते अनुभवले आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, अंधाऱ्या खोलीत घागरीचा निवाडा करू नका. थेमिसच्या कुटुंबातला तो धाकटा दगड वर्षानुवर्षे कोरडा दिसे. त्याने पाणी कुठून आणले नाही, ते त्याच्यातच होते. तो फक्त फिरत फिरत सूर्याच्या जवळ आला. बाप्तिस्म्याच्या वेळी जे ओतले गेले ते धुळीखाली असेल, पण ते उडून गेलेले नाही. संत पौलाचे म्हणणे नीट ऐका. आपण चांगले झाल्यावर नव्हे, तर आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. त्याने फुली पाहिली नाही. तो स्वतःच क्रुसावर गेला.

या प्रायश्चित्तकाळात आपण उपवास करतो, मांस वर्ज्य करतो, क्रुसाची वाट करतो. ते सर्व चांगले आहे. या आठवड्यात त्याच्या जोडीला एक गोष्ट करू या. आपल्या मनातल्या नोंदवहीत ज्याच्यापुढे फुली आहे असे एक नाव शोधू या. भाऊ असेल, सून असेल, शेजारी असेल, एखादे वेळी तुमचा धर्मगुरूही असेल. त्याच्या घरी जाऊ या. उपदेश करायला नको, समजूत घालायला नको, जुना हिशेब काढायला तर मुळीच नको. प्रभूने केले तेच करायचे : त्याच्या दारात बसून घोटभर पाणी मागायचे. खरोखरच मागायचे. पाणी पिऊन झाल्यावर पुढचे शब्द कदाचित आपोआप सुचतील. नाही सुचले तरी पाणी पिऊन यायचे. घाव घालणे हे आपले काम नाही. सूर्य उगवणे हेही आपल्या हाती नाही. आपण फक्त कुणाच्या वाटेत सावली होऊन उभे राहायचे नाही.

चला, प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू तहानलेला होऊन विहिरीच्या काठी बसलास. आम्ही ज्यांना कोरडे ठरवले त्यांच्याजवळ बसायला आम्हांला शिकव. आमच्या तोंडून सुटलेल्या ज्या शब्दांनी कुणी दारातून परत गेले असेल, त्या शब्दांची आम्हांला क्षमा कर, आणि त्या माणसाला दुसऱ्या कुठल्यातरी दाराने तुझ्याजवळ आण. आमच्यावर साचलेली धूळ तू दूर कर, म्हणजे तू आमच्यात ओतलेले पाणी आमच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचेल. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू